काडतुसाच्या बुडावरची अक्षरे : कार्बाइन, पितळ आणि शिरगावातील एक रविवार

१/
बदलापूर पूर्वेच्या शिरगावात एका रविवारी, पोलीस दलात नव्याने भरती झालेल्या नातीने आजोबांपुढे वहीचे एक पान ठेवले. पानावर एक वर्तुळ, त्याच्या मध्यभागी लहान वर्तुळ आणि कडेने काही अक्षरे : केएफ, सालाचे दोन आकडे, ९ एमएम, २ झेड. गोळीबाराच्या सरावात झाडलेल्या काडतुसाच्या बुडावरची ही अक्षरे तिने ध्यानात ठेवून उतरवली होती. पुंगळी घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता. सराव संपला की प्रत्येक रिकामी पुंगळी मोजून परत करावी लागते.

२/
आजोबांची सारी नोकरी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत गेलेली. बदलापूरहून एकच स्थानक, पण त्या एका स्थानकाच्या अंतरावर आयुष्याची तीन दशके खर्ची पडली. घरी त्यांनी कामाविषयी फारसे कधी सांगितले नाही. तसे सांगण्याची त्या कारखान्यांत रीतच नव्हती. नातीला मात्र उत्तर हवे होते, कारण तिच्या दृष्टीने हा कुतूहलाचा विषय उरला नव्हता.

३/
बराकीत एक बोलणे पसरले होते : ‘२ झेड’ हे कार्बाइनचे जहाल काडतूस आहे, ते पिस्तुलात घातले तर पिस्तूल हातातच फुटते. आणि सरावात पिस्तुलासाठी तेच मिळत होते. तेव्हापासून चाप दाबण्याच्या ऐन क्षणी तिचे मनगट दचकू लागले. गोळ्या लक्ष्याच्या खाली जाऊ लागल्या. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. “आजोबा, तुम्ही तिथेच होतात ना? मग खरे काय ते सांगा,” एवढेच तिचे म्हणणे होते.

४/
या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण ते पटण्यासाठी मागे जावे लागते. बदलापूर या नावाविषयी लोकसमजूत अशी की येथे घोडे बदलले जात, म्हणून हे बदलापूर. कार्बाइन हेही मुळात घोडेस्वाराचेच शस्त्र. लांब नळीची बंदूक घोड्यावर सांभाळणे अवघड, म्हणून स्वारासाठी आखूड नळीची बंदूक घडवली गेली. फ्रेंच भाषेत हलक्या घोडदळातील शिपायाला ‘कॅराबिन’ म्हणत. त्यावरून हे नाव आल्याचे मानले जाते.

५/
त्या काळी प्रत्येक बार हातानेच भरला जाई. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी वा कागदाचा बोळा, मग गोळी, आणि गजाने ठासायचे. दारू किती, हा निर्णय बंदूकवाल्याच्या हाताचा आणि नजरेचा. हात चुकला तर बार फुसका जाई किंवा नळी फाटे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकांमुळे ही विद्या अगदी अलीकडेपर्यंत टिकून राहिली.

६/
या हाताच्या चुकीवर उपाय म्हणून काडतूस आले. मराठीतला हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आला. आरंभी ती केवळ कागदाची सुरळी होती : आत मोजून घेतलेली दारू आणि गोळी. शिपाई ती दातांनी फोडून दारू नळीत ओती. १८५७ साली एनफिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून जो वणवा पेटला तो सर्वश्रुत आहे. काडतुसात काय भरले आहे यावर शिपायाचा विश्वास नसेल तर काय घडते, याचे याहून मोठे उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासात नाही.

७/
पुढच्या दशकात कागदाची जागा पितळेने घेतली. इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर बंदुकीसाठी पितळी काडतूस तयार केले आणि १८६९ साली पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच खडकीच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव झाला होता. अर्ध्या शतकानंतर तेथे साम्राज्याची काडतुसे बनू लागली. नातीच्या वहीतले ‘केएफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात हीच खडकी.

८/
काडतुसाचे घटक चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन टोपीवर आदळते, टोपी पेटते, दारू जळून वायू होते आणि वायू गोळीला पुढे लोटतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी युरोपीय मानकाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा २,३५० बार आहे, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे हजारपट. तो दाब मागच्या बाजूने सुटू नये म्हणून क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला चिकटून बसणारी वस्तू म्हणजे ती पातळ पुंगळी.

९/
आजोबांचा संबंध याच पुंगळीच्या धातूशी होता. अंबरनाथचा कारखाना मुख्यतः धातुकामाचा. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. पत्र्यातून आधी वाटी कापतात, मग ती साच्यातून दाबून लांबवत नेतात. प्रत्येक ओढीनंतर पितळ ताठर होते. ते तापवून पुन्हा मऊ केले नाही तर पुढच्या ओढीला चिरते. बूड कठीण हवे, तोंड मऊ हवे. एकाच इंचभर वस्तूत दोन स्वभाव उतरवायचे असतात.

१०/
या पितळेची एक विलक्षण कथा हिंदुस्थानातच घडली. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवीत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की कित्येक पुंगळ्यांना तडे गेलेले आढळत. कोणी हात लावला नव्हता, कोणी आपटल्या नव्हत्या. पितळ आपोआप कसे फुटते, हे कोडे बराच काळ सुटले नाही. इंग्रजीत या रोगाला ‘ऋतूचे तडे’ अशा अर्थाचे नाव पडले.

११/
उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. तबेल्यातील घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघे. ओढून घडवलेल्या पुंगळीत आतल्या आत ताण साचलेला असे. ताणाखालच्या पितळेला दमट हवेतील अमोनिया भिडला की धातूच्या कणाकणांमधील सांधे सुटत जात. उपाय दोन : साठवणीत अमोनिया नको, आणि पुंगळी घडवल्यावर तिला अशी मंद उष्णता द्यायची की कठीणपणा टिकावा पण आतला ताण निघून जावा.

१२/
“म्हणजे तुम्ही भट्टीवर हेच करत होतात?” नातीने विचारले. आजोबांनी मान हलवली. किती अंश, किती वेळ, हे त्यांनी अनेक वर्षे पाळले होते. तबेल्याची गोष्ट मात्र त्यांना एका वयस्कर चार्जमनने निवृत्तीच्या वेळी सांगितली होती. तोवर ते तक्त्यावरच्या आकड्यांना केवळ शिस्त समजत होते.

१३/
आता ९ मिलिमीटरकडे. हे काडतूस जर्मनीत गेओर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांच्या पिस्तुलासाठी तयार केले. पुंगळीची लांबी १९ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घाईघाईने स्टेन गन बनवली तीही याच काडतुसावर चालणारी. युद्धानंतर जॉर्ज पॅचेट यांच्या रचनेतून स्टर्लिंग आली; १९५३ साली ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. भारतात तीच कानपूरच्या लघु शस्त्र निर्माणीत ‘कार्बाइन १ए१’ म्हणून बनू लागली. डाव्या अंगाला आडवे बसणारे, किंचित वाकलेले मॅगझिन ही तिची खूण. अनेक पोलीस ठाण्यांच्या दारात ती दिसत असे.

१४/
पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाइन या कल्पनेचे लाभ उघड होते : एकच दारूगोळा, सोपी यंत्रणा, हलके वजन. पण काडतूस बनवणाऱ्यावर मात्र दुहेरी जबाबदारी आली. स्टर्लिंगमध्ये बोल्टला कोणतेही कुलूप नसते. जड बोल्ट आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच सारे अवलंबून. गोळी पुढे जाते त्याच धक्क्याने बोल्ट मागे येतो, पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचा राउंड उचलतो. म्हणजे येथे काडतूस हेच शस्त्राचे इंजिन आहे.

१५/
म्हणून भार जास्त झाला तर धोका, हे कोणालाही समजते. भार कमी पडला तरी धोका, हे सहसा ध्यानात येत नाही. अशक्त काडतुसाने बोल्ट अर्ध्यातूनच परत फिरला तर पुंगळी अडकते. त्याहून वाईट म्हणजे, तो पुढचा राउंड उचलण्याइतका मागे आला पण चापाच्या खाचेत अडकण्याइतका आला नाही, तर बोट काढल्यावरही शस्त्र स्वतःहून चालत राहू शकते. आणि अगदीच अशक्त बाराने गोळी नळीतच राहिली, तर पुढची गोळी तिच्यावर आदळते.

१६/
कारखान्यात नव्या भाराची परीक्षा याचसाठी दीर्घ असते. गोळीचा वेग मोजतात, दाब मोजतात. दाबासाठी पूर्वापार पद्धत अशी : नळीला जोडलेल्या तांब्याच्या लहानशा गजावर वायूचा दाब पडू द्यायचा आणि तो किती चेपला ते मोजायचे. मग राजस्थानची उष्णता, हिमालयाची थंडी, कोकणाचा पाऊस यांची नक्कल करून तेच नमुने पुन्हा झाडायचे. सरासरी चांगली येणे पुरेसे नसते. दर काडतूस आधीच्यासारखेच वागले पाहिजे.

१७/
हातभरणीची आवड असलेले नेमबाज काही देशांत हेच काम घरच्या टेबलावर, एकेक पुंगळी तोलून, करतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्रांप्रमाणेच दारूगोळ्याच्या निर्मितीलाही परवाना सक्तीचा केला आहे; परवान्याशिवाय काडतुसे भरणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे ठासणीच्या बंदुकीबरोबर जी हातभरणी आपल्याकडे होती, तिची पुढची पिढी घरात वाढली नाही. ती खडकीच्या आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यांत वाढली.

१८/
भार ठरवणे हा केवळ तंत्राचा प्रश्न नसतो, याचाही धडा हिंदुस्थानातलाच. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे नेव्हिल बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने १८९६ च्या सुमारास टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. ती शरीरात शिरताच पसरे आणि भीषण जखम करी. जगभर इतका गदारोळ झाला की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरण्यावर बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. डमडम हे गावाचे नाव एका निषिद्ध गोळीचे नाव होऊन बसले. सैन्याच्या गोळीला पूर्ण धातूचे आवरण असते ते त्यामुळेच.

१९/
आता ‘झेड’. ब्रिटिशांच्या जुन्या पद्धतीत काडतुसांच्या नमुन्यांना अनुक्रमांक असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या काडतुसांत कॉर्डाइट ही दोरीसारखी, नायट्रोग्लिसरीन असलेली दारू भरली जाई. ती फार उष्ण जळे आणि नळ्या झिजवी. पुढे नायट्रोसेल्युलोजची दारू आली. एकाच नमुन्यातली दोन प्रकारची काडतुसे वेगळी ओळखू यावीत म्हणून नव्या दारूच्या काडतुसापुढे ‘झेड’ हे अक्षर जोडले गेले. स्वातंत्र्यानंतरही भारतीय कारखान्यांनी ती रीत चालू ठेवली.

२०/
म्हणजे ‘२ झेड’चा अर्थ एवढाच : दुसरा नमुना, नायट्रोसेल्युलोजची दारू. ‘झेड’ हे जहालपणाचे चिन्ह नाही. दुसरा नमुना कार्बाइनचा बोल्ट नीट चालवेल इतका सशक्त आहे हे खरे. पण ब्रिटिश सैन्यात हेच काडतूस स्टर्लिंगमध्येही वापरले जाई आणि ब्राउनिंग पिस्तुलातही. इछापूरच्या रायफल निर्माणीत बनणारे भारतीय ९ मिलिमीटर पिस्तूल त्याच ब्राउनिंगच्या घराण्यातले आहे.

२१/
मग अफवा कोठून जन्मली? तिच्यात सत्याचा एक कण आहे. एकच काडतूस कार्बाइनमधून अधिक वेगाने गोळी सोडते, कारण पिस्तुलाची नळी सुमारे १२ सेंटीमीटर आणि स्टर्लिंगची सुमारे २० सेंटीमीटर. लांब नळीत वायूला गोळी लोटायला अधिक वाव मिळतो. जुन्या, हलक्या बांध्याच्या किंवा झिजलेल्या पिस्तुलांना सशक्त काडतूस सोसत नाही, हेही खरे. एकाच्या वेगाची आणि दुसऱ्याच्या दुर्बलतेची गोष्ट एकत्र झाली आणि ‘झेड’ला भुताचे रूप आले.

२२/
नात बराच वेळ पान पाहत राहिली. मग तिने विचारले, “आणि त्यातूनही एखादे बिघडलेले निघाले तर?” आजोबांनी लगेच ‘निघत नाही’ असे म्हटले नाही. निघू शकते, म्हणून तपासणी असते. तपासणीतूनही सुटू शकते, म्हणून तुमचे उस्ताद नियम शिकवतात, असे ते म्हणाले. चाप दाबूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरायची, थांबायचे, उस्तादांना हाक द्यायची. आवाज फुसका आला तर पुढची गोळी मुळीच झाडायची नाही. “अगं, भीती काढून टाकायची नसते. तिला नियमाच्या जागी बसवायचे असते.”

२३/
तिने मग त्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारले, यातले तुमचे कोणते? आजोबा हसले. पुंगळीवर खडकीचे नाव असते, सालाचे आकडे असतात, नमुन्याचा क्रमांक असतो. पितळ ज्याने तापवले, साचा ज्याने बसवला, तडा शोधत ज्याने डोळे शिणवले, त्यांच्यासाठी त्या वर्तुळात जागा नाही. “पितळ कुठले हे पितळेवर लिहिलेले नसते,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वस्तुस्थिती तशीच होती.

२४/
ही कथा आजही संपलेली नाही. अंगावरच्या चिलखतापुढे ९ मिलिमीटर अपुरे पडते म्हणून पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या संस्थेने ५.५६ × ३० मिलिमीटरचे वेगळे काडतूस आणि त्यासाठी कार्बाइन विकसित केली. ७ डिसेंबर २०२० रोजी तिच्या वापरकर्त्यांच्या चाचण्यांचा अखेरचा टप्पा पार पडला. शस्त्र कानपूरचे, काडतूस खडकीचे : जुनीच जोडी.

२५/
लगेच जानेवारी २०२१ मध्ये उलट दिशेचा प्रयोग जाहीर झाला. महूच्या इन्फंट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत विकसित केले. काडतूस मात्र सैन्यात रुळलेले तेच जुने ९ मिलिमीटर. एके ठिकाणी शस्त्रासाठी काडतूस नवे केले, दुसरीकडे काडतुसासाठी शस्त्र.

२६/
त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खडकी आणि वरणगाव एका कंपनीत गेले, अंबरनाथची निर्माणी दुसरीत, तिच्या शेजारचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना तिसरीत. पितळ आणि दारू आता वेगवेगळ्या ताळेबंदांत लिहिली जातात. आजोबांना याचे काय वाटते, हे नातीने त्या दिवशी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

२७/
दोन आठवड्यांनी शिरगावच्या घरात फोन वाजला. ती उत्तीर्ण झाली होती. गुण फार नव्हते, पण गोळ्या लक्ष्याच्या खाली गेल्या नव्हत्या. पहिल्या दोन बारांना मनगट दचकले, नंतर नाही, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. आजोबांनी अभिनंदन करण्याआधी एकच प्रश्न विचारला : “पुंगळ्या मोजून परत दिल्यास ना?” ती म्हणाली, “हो आजोबा, सगळ्या. बुडे बघूनच दिल्या.”